स्पॅनिशमध्ये 'करू नकोस' कसं सांगायचं?

स्पॅनिशमध्ये 'बोल' म्हणजे 'आब्ला'. मग त्याच्यापुढे 'नो' लावला की 'बोलू नकोस' झालं, असं वाटतं. पण 'नो आब्ला' म्हणजे 'तो बोलत नाही' किंवा 'ती बोलत नाही'. मनाई करायची तर क्रियापदाचा शेवट बदलावाच लागतो. नियमित क्रियापदांसाठी रीत अशी:

१. वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्या. आब्लार (बोलणे) – आब्लो, कोमेर (खाणे) – कोमो, एस्क्रिबीर (लिहिणे) – एस्क्रिबो.

२. शेवटचा 'ओ' काढून टाका.

३. आता उलटापालट करा. मूळ क्रियापद 'आर'ने संपत असेल तर 'एस' जोडा. 'एर' किंवा 'ईर'ने संपत असेल तर 'आस'.

४. आधी 'नो' ठेवा: नो आब्लेस, नो कोमास, नो एस्क्रिबास.

हे झालं 'तू'साठी (स्पॅनिशमध्येही 'तू'च!). आदरार्थी एका माणसाला सांगताना शेवटचा 'स' गाळा: नो आब्ले, नो कोमा. अनेकांना सांगताना त्याला 'न' जोडा: नो आब्लेन, नो कोमान. स्पेनमध्ये मित्रमंडळींच्या घोळक्याला 'नो आब्लेइस', 'नो कोमाइस' म्हणतात, बोलताना जोर शेवटच्या भागावर ('ब्लेइस', 'माइस'). लॅटिन अमेरिकेत हे रूप वापरत नाहीत, त्यामुळे तिकडच्यांशीच बोलणार असाल तर सध्या सोडून द्या.

खरी अडचण लिहिताना येते. 'तोकार' म्हणजे हात लावणे. त्याचं 'नो तोकेस' होतं. यातला 'क' रोमन लिपीत 'सी' या अक्षराने लिहितात, पण पुढे 'ई' अक्षर आलं की त्याच 'सी'चा उच्चार बदलतो. 'क' टिकवायचा म्हणून 'सी'च्या जागी 'क्यू' आणि 'यू' येतात. 'पागार' (पैसे देणे) – 'नो पागेस' इथे 'जी'नंतर 'यू' घालतात, तेही 'ग' टिकावा म्हणूनच. बोलताना याची काळजी नको. कानाला काही फरक पडत नाही.

'ते', 'मला' असे शब्द होकारात क्रियापदाला मागून चिकटतात: कोमेलो, म्हणजे 'ते खा'. नकारात ते सुटे होऊन 'नो' आणि क्रियापद यांच्यामध्ये येतात: नो लो कोमास.

सार्वजनिक पाट्यांवर मात्र यातली खटपट बहुधा दिसत नाही. तिथे मूळ क्रियापदच लिहितात: 'नो तोकार', 'नो फुमार' (धूम्रपान करू नये). सिगारेट पेटवणाऱ्या मित्राला मात्र 'नो फुमेस' म्हणा.