रोज लांबच्या ऑफिसला जायला सायकल घेताय? या चुका टाळा

माझी पहिली सायकल दुकानात फारच देखणी दिसली होती. पुढे-मागे शॉकअप, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर. दुसऱ्या दिवशी पौड रोडवरून चांदणी चौकाचा चढ लागला आणि माझं विमान जमिनीवर आलं. पायडल मारलं की सायकल डुलायची, निम्मा जोर स्प्रिंगमध्येच जिरायचा. कोथरूडहून हिंजवडी, रोज येऊन-जाऊन तीसेक किलोमीटर. महिनाभरात सायकल गॅलरीत, वर टॉवेल वाळत.

तेव्हा पहिली चूक हीच: स्वस्तातले शॉकअप. त्यांनी वजन वाढतं, आराम मात्र फारसा मिळत नाही. आपल्या खड्ड्यांना उत्तर म्हणजे साधा चिमटा (पुढचं चाक धरणारा, शॉकअप नसलेला) आणि ७०० बाय ३५ ते ४० चे, म्हणजे ३५ ते ४० मिलिमीटर रुंद टायर असलेली हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली. हवा मात्र आठवड्याला भरायची. कमी हवेचा टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडी दिसली तर खिळा शोधत बसू नका.

दुसरी चूक साइजची, आणि ही सगळ्यात महागात पडते. ‘सीट वरखाली करून देतो, बसेल,’ असं दुकानदार म्हणाला तर सरळ बाहेर पडा. सीटने उंची जुळते, हँडलपर्यंतचं अंतर नाही. फ्रेम मोठी असली की माणूस हँडलवर ओणवा होतो; बाणेरपर्यंत तळहात बधिर आणि मान आखडलेली. साइज बरोबर असेल, तरच सीटकडे वळा. भिंतीला टेकून बसा, पायडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला तर उंची ठीक. पुढे गुडघा समोरून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. जाड गादीची सीट घेऊ नका. पहिले दोन किलोमीटर छान वाटते, पुढे घासते.

‘एकवीस गिअर आहेत साहेब’ याला भुलू नका. दाते मोजा. मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीचे दाते पुढच्या सर्वांत लहान चक्रीइतके किंवा जास्त असले, तर चढ बसून निघतो. दुकानासमोरच्या सपाट गल्लीत दोन फेऱ्या मारून यातलं काहीच कळत नाही. जवळचा एखादा चढ गाठा.

मडगार्ड आणि कॅरिअर लावायला फ्रेमवर भोकं आहेत का, हे पैसे देण्याआधी बघा. लॅपटॉपची सॅक पाठीवर घेऊन जून-जुलै काढलेला माणूस हे दुसऱ्यांदा विसरत नाही. पावसात रिमचे ब्रेक उशिरा लागतात, म्हणून जमलं तर डिस्क. बजेटमधले दोनेक हजार कुलूप, दिवे आणि पंपासाठी बाजूला ठेवा.

महिनाभराने चेन मागच्या मोठ्या चक्रीवर चढायला कुरकुर करू लागली, तर सायकल खराब निघाली म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. नवी केबल थोडी ढिली होतेच. मागच्या गिअरला केबल जिथे शिरते तिथली छोटी फिरकी घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा, पायडल मारून बघा, लागला तर आणखी पाव.