प्रकाश-संवेदक आणि प्रोसेसर एकाच चिपवर: आराखडा कसा करावा

द्रवातील बदल टिपणारा सिलिकॉनचा रिंग रेझोनेटर (ठराविक तरंगलांबीचा प्रकाश ज्यात फिरत राहतो असे सूक्ष्म कडे), त्याचा फोटोडिटेक्टर (प्रकाशाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करणारा घटक) आणि मोजमापाचे परिपथ एकाच चिपवर बसवायचे असतील, तर ले-आउट काढण्याआधी फाउंड्रीची, म्हणजे चिप घडवणाऱ्या कारखान्याची, प्रक्रिया ठरवावी. 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी 220 नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या थरात साधारण 450 ते 500 नॅनोमीटर रुंदीचे वेव्हगाइड (प्रकाश वाहून नेणाऱ्या वाटा) कोरतात. ट्रान्झिस्टरना लागणारा थर बहुधा याहून पातळ असतो, त्यामुळे कोणाला तरी तडजोड करावी लागते. 2015 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ट्रान्झिस्टरसाठीच्या नेहमीच्या 45 नॅनोमीटर प्रक्रियेत फेरबदल न करता 7 कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर आणि 850 प्रकाशीय घटक एका चिपवर आणले, पण त्यासाठी त्यांनी 1180 नॅनोमीटरचा प्रकाश वापरला.

1550 नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनमधून आरपार जातो, म्हणून डिटेक्टरला जर्मेनियम लागते. ते उच्च तापमानाला वाढवावे लागत असल्याने धातूचे थर चढण्यापूर्वीच ते काम उरकलेले असले पाहिजे. लेझर सुरुवातीला बाहेरूनच जोडावा. सिलिकॉन कार्यक्षमतेने प्रकाश देत नाही.

खरी कसोटी उष्णतेची आहे. पाण्यात वजनाने एक टक्का साखर विरघळली, तर अपवर्तनांक सुमारे 0.0014 ने वाढतो आणि नेहमीच्या रिंगचा रेझोनन्स, म्हणजे तिच्यात फिरत राहणारी तरंगलांबी, जवळपास 100 पिकोमीटर सरकतो. तापमान एका अंशाने वाढले तरी तो सुमारे 70 पिकोमीटर सरकतो. म्हणजे शेजारचा प्रोसेसर दीड अंशाने तापला, की संवेदकाला साखर नसतानाही साखर दिसू लागते! म्हणून दोन रिंग घ्याव्यात: एकीवरील ऑक्साइडचे आवरण काढून ती द्रवासाठी उघडी ठेवावी, दुसरी झाकलेलीच ठेवावी आणि दोन्हींच्या वाचनांतील फरक मोजावा. दोन्ही प्रोसेसरपासून सारख्याच अंतरावर हव्यात. झाकलेली संदर्भ-रिंग मोकळी जागा पाहून कोपऱ्यात ढकलली, तर तिचा उपयोग उरत नाही. झाकलेल्या आणि उघड्या रिंगचा तापमानाला मिळणारा प्रतिसादही तंतोतंत सारखा नसतो, म्हणून दोन्हींचे अंशांकन (कॅलिब्रेशन) स्वतंत्रपणे करावे.

डिटेक्टरचा प्रवाह क्षीण असल्याने पहिला अ‍ॅम्प्लिफायर त्याला खेटून ठेवावा आणि त्याचा वीजपुरवठा डिजिटल भागापासून वेगळा काढावा. चिप हाती आल्यावर शुद्ध पाणी वाहते ठेवून आधी प्रोसेसर बंद असताना, मग पूर्ण भारावर चालवून वाचने घ्यावीत. दोन्ही वेळी रिंगांमधील फरक सारखाच आल्यावरच तपासायचा द्रव चिपवर सोडावा.