ओट्याखालचं दार फुगलं तेव्हा

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात सिंकखालचं दार दर पावसाळ्यात फुगायचं. कोल्हापूरचा पाऊस, हवेत ओल असणारच, म्हणून मीही सोडून दिलं होतं. एकदा आई भांडी घासत असताना टॉर्च घेऊन खाली बसलो. ग्रॅनाइटच्या कडेवरून ओघळलेलं पाणी खाली पडतच नव्हतं. दगडाच्या पोटाला चिकटून आत सरकायचं आणि थेंब थेंब दाराच्या माथ्यावर.

पाणी आत न सरकता तिथंच तुटून खाली पडावं म्हणून कडेखाली खाच मारतात, ती मिस्त्रीनं मारलीच नव्हती! ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून, कडेपासून बोटभर आत, दगडाच्या तळाला ४-५ मिमी खोल सरळ खाच पाडली. ग्रॅनाइट १८ मिमीचा, म्हणून आणखी खोल गेलो नाही. मास्क, चष्मा लावूनही धुरळा असा उडाला की दोन दिवस चहाला खडूची चव.

सिंकभोवतीचं तडकलेलं व्हाइट सिमेंट खरवडलं, पूर्ण वाळवून सिलिकॉन भरलं, २४ तास नळ बंद.

दार मात्र गेलंच. नवं आयएस ७१० शिक्क्याच्या (हे मरीन प्लायचं भारतीय मानक), ओल सोसणाऱ्या मरीन प्लायचं केलं आणि सनमायका न लागलेल्या वरच्या-खालच्या कडांना ऑइलपेंटचे दोन हात दिले.

आईनं दार उघडून बघितलं. "बिजागऱ्या कुरकुरत्यात, त्येबी बघ."