फराळाची नोंदणी परत आली तेव्हा

इंदूरला रामबागेत घरीच चकली-शेव करून विकायची, म्हणून फॉसकॉस या अन्न-परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर एफएसएसएआय (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) नोंदणीचा फॉर्म ‘अ’ भरला. अर्ज शेरा मारून परत आला.

कारणं दोन. व्यवसायाच्या प्रकारात ‘किरकोळ विक्रेता’ निवडलं होतं. स्वतः तळणारा तिथे उत्पादक ठरतो. दुसरं, वीजबिल सासऱ्यांच्या नावावर आणि त्यावर घरक्रमांक जुना. प्रकार बदलला, सासऱ्यांचं सहीचं संमतीपत्र जोडलं, पत्ता बिलावर आहे तसाच, स्वल्पविरामासकट उतरवला. हटकून इथेच घोळ होतो.

शेऱ्याला मुदतीत उत्तर द्या, नाहीतर अर्ज बाद. मिळणारा क्रमांक १४ अंकी, नोंदणीचा २ ने सुरू होतो. पाकिटावर तो छापा, बिलावरही. गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखला, वेगळा.