किशसाठी आदल्या रात्रीची तयारी
रविवारी किश, म्हणजे मैद्याच्या पारीत अंडी-क्रीमचं मिश्रण ओतून भाजायचा खारा फ्रेंच पदार्थ, करायचा असेल तर शनिवारी जेवणं उरकली की ओटा पुसून पारीचं पीठ भिजवून टाका. मैदा 200 ग्रॅम, बटर 100 ग्रॅम, अर्धा छोटा चमचा मीठ. बटर बिनमिठाचं, रोजचं पिवळं खारट असतं, ते घेतलंत तर वरून मीठ नको. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, इथे अगदी उलट. बटर फ्रिजमधून काढल्या काढल्या चिरायचं आणि बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, तळव्याची ऊब लागू द्यायची नाही. जाडसर रव्यासारखं दिसलं, मधेमधे मुगाएवढे तुकडे राहिले, की थांबा. मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे, ही खूण मात्र करंजीचीच. मग बर्फाचं पाणी, एकेक चमचा करत तीन-चार मोठे चमचे. पोळीच्या कणकेसारखं तिंबू नका. तिंबलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि भाजताना पारी आक्रसून साच्याच्या कडेवरून खाली उतरते. गोळा चपटा करून, गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये.

झोपण्याआधी 24 सेंमीचा सुट्या तळाचा साचा, बटर पेपर आणि पाऊण किलो राजमा काढून ठेवा. राजमा म्हणजे कोरी पारी भाजताना ठेवायचं वजन. तो नंतर खायच्या कामाचा राहत नाही, म्हणून त्याची बरणीच वेगळी करा. साच्याखाली घ्यायला एक ट्रेही हवा. तापलेला साचा खालून धरला तर तळ वर उचलला जातो आणि कडं हातावर घसरतं. माझ्या मनगटावर तो डाग अजून आहे.

सारण किश लोरेनचं. पूर्व फ्रान्समधल्या लोरेनच्या जुन्या पद्धतीत चीज नसतंच, आणि मलाही ते नसलेलंच आवडतं. क्रीमची चव स्वच्छ लागते. 150 ग्रॅम बेकन जाड चिरून परता. बेकन नको असेल तर तीन कांदे मंद आचेवर मऊ करा. शेजारच्या अल्सासमध्ये कांदा घालतातच. दोन्ही पूर्ण गार हवं. अंडी तीन, क्रीम 200 मिली, दूध 100 मिली, मिरपूड, किसलेलं जायफळ. बेकन खारट असतं, तेव्हा मीठ बेतानं.

सकाळी पारी लाटून साच्यात बसवा, काट्यानं टोचे मारा आणि पुन्हा अर्धा तास गार करा. तेवढ्यात ओव्हन 190 अंशांवर तापेल. बटर पेपर आणि राजम्यासह 15 मिनिटं, ते काढून आणखी 10, तळ कोरडा दिसेपर्यंत. इथे घाई केली तर तळ कच्चाच राहतो. मग सारण पसरा, अंड्याचं मिश्रण ओता आणि 170 अंशांवर अर्धा तास. कडा बसलेल्या आणि मध्यभाग ताज्या खरवसासारखा थरथरणारा दिसला की बाहेर. जास्त राहिला तर अंडं फुटून पाणी सुटतं. वीस मिनिटं निवू द्या, मगच सुरी लावा.