सर्व्हरवरच्या कमांडची नोंद ठेवताय? मग या चुका टाळा

लिनक्स सर्व्हरवर कोणी कोणती कमांड चालवली हे ऑडिटडी (मागे सतत चालणारी नोंद ठेवणारी सेवा) टिपून ठेवतं. काय टिपायचं ते सांगणारे नियम लिहायला फार वेळ लागत नाही. पण अपुरा नियम एररही दाखवत नाही. नोंद झालीच नव्हती हे आपल्याला नेमकं गरजेच्या वेळी कळतं.

गोव्यात पावसाळ्यात वीज जाते, यूपीएसही शेवटी मान टाकतो आणि सर्व्हर पुन्हा सुरू होतो. ऑडिटसीटीएल या नियम हाताळणाऱ्या कमांडने थेट घातलेले नियम तेव्हाच पुसले जातात. ते ऑडिटच्या रूल्स-डी डिरेक्टरीत, नावाच्या शेवटी डॉट-रूल्स असलेल्या फाइलमध्ये लिहा आणि ऑजनरूल्स या कमांडने लोड करा. मग सर्व्हर एकदा मुद्दाम रीबूट करून नियमांची यादी तपासा. रेड हॅट घराण्यातल्या बऱ्याच आवृत्त्यांत सिस्टमसीटीएल ही सेवा हाताळणारी कमांड ऑडिटडीला रीस्टार्ट करू देत नाही, तिथे जुनी सर्व्हिस कमांड वापरावी लागते.

एक्झेकव्हीई म्हणजे प्रोग्राम सुरू करण्यासाठी कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) केलेला कॉल. त्याचा नियम फक्त बी६४, म्हणजे ६४ बिट प्रोग्रामसाठी लिहून थांबू नका. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट कर्नलवर या कॉलचा क्रमांक ५९ आहे, ३२ बिट प्रोग्रामसाठी तो ११ आहे. ३२ बिटसाठीची बी३२ ची ओळ नसेल, तर ३२ बिट प्रोग्रामने चालवलेली कमांड नोंदीशिवाय निसटते.

सगळ्यात महागात पडते ती एयूआयडीची, म्हणजे मुळात लॉगिन केलेल्या यूजरच्या क्रमांकाची अट. जवळपास प्रत्येक नमुना नियमात ‘एयूआयडी १००० किंवा जास्त, आणि अनसेट नसावा’ असं असतं. अट चांगली आहे. एयूआयडी लॉगिनच्या वेळी ठरतो आणि सुडो कमांडने रूट (सर्वाधिकार असलेला यूजर) झालात तरी बदलत नाही, त्यामुळे रूटच्या आड कोण होतं ते कळतं. पण वेब सर्व्हर सिस्टमडी (सेवा सुरू करणारी लिनक्सची यंत्रणा) सुरू करतं, तिथे कोणी लॉगिन केलेलंच नसतं. त्याचा एयूआयडी अनसेट, म्हणजे ४२९४९६७२९५ राहतो. समजा कळंगुटच्या एखाद्या हॉटेलाची बुकिंग साइट आहे आणि ओळखपत्र अपलोड करायच्या फॉर्ममधून कोणी वेबशेल, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हरवर कमांड चालवू देणारी फाइल चढवली. त्यातून चालवलेली एकही कमांड या नियमात सापडणार नाही. ज्या हल्ल्याची सर्वांत जास्त भीती, तोच नजरेआड!

त्यामुळे वेबच्या यूजरसाठी एयूआयडीची अट न घालता वेगळा नियम लिहा. डेबियन-उबुंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वेबच्या यूजरचा यूआयडी (यूजर क्रमांक) ३३ असतो, रेड हॅटवर अपाचेचा ४८. तरी आयडी कमांडने खात्री करून घ्या. चाचणी सुडोने केलीत तर फसाल, कारण तुमचा एयूआयडी सोबत जातो आणि एयूआयडीचा पहिलाच नियम लागू होऊन सगळं ठीक वाटतं. त्याऐवजी सिस्टमडी-रनला तो यूजर देऊन कमांड चालवा. डॉकर एक्झेकने कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्यात) चालवलेल्या कमांडचंही असंच आहे. त्या तुमच्या शेलमधून नव्हे, डॉकरच्या डिमनकडून, म्हणजे मागे चालणाऱ्या सेवेकडून सुरू होतात.

साइट दर मिनिटाला फोटो लहान करत असेल, तर लॉग त्या नोंदींनीच भरेल. तेवढ्या प्रोग्रामला वगळणारा ‘नेव्हर’ नियम वर घाला, कारण पहिला जुळणारा नियमच लागू होतो. मायनस ई २ ही नियमांना कुलूप लावणारी ओळ सगळ्यात शेवटी, आणि तीही चाचणी संपल्यावर. पुढच्या रीबूटपर्यंत मग काहीही बदलता येत नाही.

जागेचा हिशेब तर बहुतेक जण करतच नाहीत. मूळ सेटिंगमध्ये ८ एमबीच्या ५ फाइल, म्हणजे फक्त ४० एमबी. कमांडची नोंद सुरू केली की जुनं भराभर पुसलं जातं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे आहेत. ते दुसऱ्या मशीनवर पाठवा. रूट हाती लागलेला माणूस इथला लॉग पुसू शकतो, तिथला नाही. ऑडिटसीटीएलच्या स्टेटसमध्ये ‘लॉस्ट’चा, म्हणजे हरवलेल्या नोंदींचा आकडा वाढत असेल तर बॅकलॉगची (लिहायच्या बाकी नोंदींच्या रांगेची) मर्यादा वाढवा, ८१९२ पासून सुरुवात करा.

सीडीसारख्या शेलच्या अंगभूत कमांड एक्झेकव्हीईत येत नाहीत, त्या शोधत बसू नका. उलट कमांडच्या ओळीत दिलेला मायएसक्यूएलचा पासवर्ड लॉगमध्ये जसाच्या तसा उतरू शकतो. तो कॉन्फिग फाइलमध्ये ठेवायची सवय टीमला लावा, आणि लॉग वाचण्याची परवानगी मोजक्यांनाच द्या.