कारकीर्दीची कीर्द : फुटबॉलपटूचा हिशेब कसा तपासायचा

तेहतीस वर्षं मी सहकारी बँकांचे हिशेब तपासले. निवृत्तीनंतर लेकीकडे साउदॅम्प्टनला सहा महिने राहायला गेलो, तर भाजी निवडून झाली की दुपार अंगावर यायची. अशात एकदा जेवताना जावई आणि नातू यांची जुंपली. जावई म्हणाले, रिकी लॅम्बर्टसारखा स्ट्रायकर, म्हणजे पुढच्या फळीत गोल करणारा, साउदॅम्प्टनच्या फुटबॉल क्लबला परत मिळाला नाही. नातू अकरा वर्षांचा, त्याने लॅम्बर्टला खेळताना पाहिलेलंच नाही. त्याने सरळ फोन माझ्यापुढे धरला. "आबा, हे बघा. लिव्हरपूलकडून पंचवीस मॅच, दोन गोल. हा ग्रेट?"

मी म्हटलं, एका ओळीवर खातं बंद करत नाहीत. वही आण.

त्या वहीत जी रीत बसली ती इथे सांगतो. निवृत्त झालेल्या कुठल्याही इंग्लिश व्यावसायिक खेळाडूला ती चालते. खेळणाऱ्याला चालत नाही, कारण खातं अजून उघडं असतं.

आधी एक ध्यानात घ्या. 'कारकीर्द' ह्या शब्दातच कीर्द आहे. कीर्द म्हणजे रोजची नोंद आणि खतावणी म्हणजे खातेवार गोषवारा. फोनवर दिसतो तो चौकोन, म्हणजे क्लबचं नाव, पुढे सामने आणि कंसात गोल, ती खतावणी. खतावणीत माणूस झाकला जातो. म्हणून हंगामवार तक्ता शोधा आणि तो हाताने उतरवून काढा. छापून चिकटवलात तर काही दिसणार नाही. आकडा बोटातून गेला की खटकतो.

फुलस्केप वही आडवी धरा आणि रकाने पाडा : हंगाम, क्लब, पायरी, लीगचे सामने, लीगचे गोल, शेरा. शेऱ्याचा रकाना पानाच्या निम्मा ठेवा. मी पहिल्यांदा चार बोटं ठेवला होता, पान फुकट गेलं.

सगळ्यात फसवा रकाना पायरीचा. इंग्लंडमध्ये व्यावसायिक लीगच्या वरच्या चार पायऱ्या, पण त्यांच्या नावांवर जाऊ नका. १९९२ साली प्रीमियर लीग वेगळी निघाली, तेव्हापासून 'फर्स्ट डिव्हिजन' म्हणजे दुसरी पायरी. २००४ साली पुन्हा बारसं झालं आणि त्या दुसऱ्या पायरीला चॅम्पियनशिप म्हणू लागले, तिसरीला लीग वन, चौथीला लीग टू. नातवाने लीग वनपुढे मोठ्या विश्वासाने १ लिहिला होता. नाव लिहूच नका, आकडा लिहा. लॅम्बर्टच्या बाबतीत २००१-०२चं मॅकल्सफील्ड चौथ्या पायरीवर, तेव्हा तिचं नाव होतं थर्ड डिव्हिजन. काही ओळी खाली रॉचडेल, तेही चौथ्याच पायरीवर, पण नाव लीग टू. नावाने वाचलंत तर माणूस एक पायरी वर चढलेला दिसतो.

आता जुळवणी. लॅम्बर्टचे लीगचे आकडे असे : ब्लॅकपूल ३ सामने, शून्य गोल. मॅकल्सफील्ड ४४ आणि ८. स्टॉकपोर्ट काउंटी ९८ आणि १८. रॉचडेल ६४ आणि २८. ब्रिस्टल रोव्हर्स १२८ आणि ५१. साउदॅम्प्टन २०७ आणि १०६. लिव्हरपूल २५ आणि २. वेस्ट ब्रॉमविच १९ आणि १. कार्डिफ १९ आणि ४. एकूण ६०७ सामने, २१८ गोल. हंगामवार बेरीज आणि क्लबवार बेरीज दोन्ही बाजूंनी जुळली पाहिजे. न जुळली तर पुढे जाऊ नका.

माझी जुळेना. रोव्हर्सची माझी बेरीज १२७ येत होती. रात्री साडेअकरापर्यंत बसलो, लेक म्हणाली, बाबा, बँकेचं ऑडिट आहे का? सकाळी सापडलं. २००९-१० हंगामातला पहिला सामना तो रोव्हर्सकडून खेळला आणि मग साउदॅम्प्टनने त्याला उचललं. तिकडे उरलेल्या हंगामात ४५ सामने. तिसऱ्या पायरीवर चोवीस संघ असतात, म्हणजे हंगामाचे सामने ४६. एक इकडे, पंचेचाळीस तिकडे : माणसाने क्लब बदलला आणि तरी हंगामातला एकही लीग सामना चुकवला नाही. आकडे आधी चुकीचे वाटले, आणि त्यातूनच त्याच्याबद्दलची सगळ्यात चांगली गोष्ट कळली. एका वर्षात दोन क्लब दिसले की दोन्ही ओळी लिहा, भले एक ओळ एका सामन्याची असो.

कंसातला आकडा फक्त लीगचा असतो, चषकांचे गोल त्यात नसतात. ते शेऱ्यात न्या, पण सगळे नकोत, खात्यावर परिणाम करणारे तेवढेच. फेब्रुवारी २००८, एफए कपची पाचवी फेरी : तिसऱ्या पायरीवरचं ब्रिस्टल रोव्हर्स १, दुसऱ्या पायरीवरचं साउदॅम्प्टन ०. सामना संपत आलेला असताना लॅम्बर्टची फ्री किक, आणि रोव्हर्स उपान्त्यपूर्व फेरीत. दीड वर्षाने त्याच साउदॅम्प्टनने त्याच्यासाठी दहा लाख पौंडांच्या आसपास मोजले. जावई म्हणतात, ज्याने रडवलं त्यालाच घरी आणलं. हा गोल २१८ मध्ये नाही.

सामन्यांच्या आकड्यातही एक खाच आहे. बदली म्हणून शेवटची दहा मिनिटं उतरला तरी एक सामना धरतात. म्हणून चांगल्या तक्त्यात सुरुवातीपासून खेळलेले सामने आणि बदली सामने अधिकचं चिन्ह घालून वेगळे देतात. लिव्हरपूलचे २५ असे बघितले तर बहुतेक वेळा तो बाकावरून उठून आलेला. नातवाचा मुद्दा इथेच निम्मा झाला. पुरता गेला नाही, हेही लिहितो, कारण दोन गोल ते दोनच.

भागाकार करा, पण क्लबवार. स्टॉकपोर्टला साडेपाच सामन्यांमागे एक गोल, रॉचडेलला सव्वादोन सामन्यांमागे एक. एवढी उडी दिसली की शेरा शोधायचा. उत्तर सोपं निघालं : सुरुवातीची वर्षं तो बराचसा मधल्या फळीत खेळला, पुढच्या फळीत नीट बसला तो रॉचडेलला. गोलांची सरासरी पाहताना माणूस उभा कुठे होता ते आधी विचारा. गोलकीपरची सरासरी कोण काढतं?

पैशांचा रकाना मी नंतर जोडला. २००२ साली स्टॉकपोर्टने तीन लाख पौंड दिले, २००६ साली रोव्हर्सने दोन लाख. मधल्या काळात गोल वाढले आणि भाव उतरला. हिशेबनीसाला हे पचत नाही. पण भाव ठरतो तो घेणाऱ्याच्या खिशावर. २००२ मध्येच आयटीव्ही डिजिटल ही सामने दाखवणारी टीव्ही कंपनी बुडाली, तिच्याबरोबर खालच्या क्लबांचे प्रक्षेपणाचे पैसे बुडाले आणि पुढची काही वर्षं त्या पायऱ्यांवर रोकडच नव्हती. रकमेपुढे साल लिहिलं नाहीत तर ती रक्कम निरुपयोगी.

साउदॅम्प्टनच्या पाच ओळी मात्र सावकाश उतरवा : ३०, २१, २७, १५, १३. नुसते पाहिले तर चढउतार वाटतो. शेजारी पायरी लिहा : ३, ३, २, १, १. क्लबच पायऱ्या चढला : घर बदललं नाही आणि माणूस दोन मजले वर गेला. पहिल्या हंगामात क्लब आर्थिक अडचणीमुळे उणे दहा गुणांवरून सुरू झाला होता. उणे आरंभीची शिल्लक! ३० गोल करूनही ७३ गुणांवर सातवे राहिले. सहावा संघ ८० वर होता. दहा गुण कापले नसते तर प्लेऑफ, म्हणजे वरच्या पायरीवर जाण्यासाठीचे जादा सामने, खेळले असते, हे गणित नातवाने स्वतः केलं आणि लॅम्बर्टच्या बाजूने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

पायरीवार बेरीज शेवटी. २१८ पैकी पहिल्या पायरीवरचे गोल १५, १३, २, १, म्हणजे ३१. सातातला एकसुद्धा पुरता नाही. बाकीचे १८७ खालच्या तीन पायऱ्यांवर, आणि टीव्हीवर झळकतात ते बहुतेक ह्या ३१ पैकीच.

इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचं खातं वेगळ्या पानावर, बेरजेत मिसळू नका : ११ सामने, ३ गोल. पहिली नोंद १४ ऑगस्ट २०१३, वेम्ब्ली, समोर स्कॉटलंड. वय एकतीस. वेन रूनीच्या जागी उतरला, तीनच मिनिटांत संघातल्याच बेन्सच्या कॉर्नरवर हेडर. चेंडूला त्याचा पहिलाच स्पर्श आणि इंग्लंड ३-२. जावयांनी तो गोल मला फोनवर चारदा दाखवला. पाचव्यांदा नातवाने स्वतःहून लावला.

आणि रिकाम्या जागा. ब्लॅकपूल आणि मॅकल्सफील्ड ह्यांच्यात तक्ता सलग दिसतो, पण साल बघा, मध्ये फट आहे. पोरवयात तो लिव्हरपूलच्याच मुलांच्या संघात होता, त्यांनी पंधराव्या वर्षी सोडलं होतं, ब्लॅकपूलनेही सोडलं, क्लब नाही. त्या दिवसांत हा माणूस बीटच्या कारखान्यात दिवसाला वीस पौंडांवर बरण्यांना झाकणं लावत होता. ही नोंद कुठल्याच तक्त्यात नसते. तिथे दोन ओळी मोकळ्या सोडा. आमच्या वहीत नातवाने पेन्सिलीने 'बीट' लिहिलं आणि सामन्यांच्या रकान्यात आडवी रेघ ओढली.

कार्डिफची ओळ संपली की ऑक्टोबर २०१७, निवृत्ती. त्याखाली लाल शाईने दोन रेघा मारा, तारीख टाका, तपासणाऱ्याची सही करा. आमच्या वहीत दोन सह्या आहेत. दुसऱ्या सहीखाली 'ग्रेट, पण लिव्हरपूल सोडून' असा शेरा आहे, आणि मी तो खोडलेला नाही.